दिवा घालवल्यापासूनचे अंतर

६ मार्च, गुरुवार

सकाळी ऑफिस. सात वजनकाटे तपासले, दोन नापास करून परत पाठवले. डबा नेला नव्हता, कॅन्टीनमध्ये खाल्ले. सव्वासहाला घरी. दूध नासले होते.

गॅरेजमधून फोन आला. गाडी चव्वेचाळीस दिवस शेडमध्ये उभी आहे, काय करायचे ते सांगा म्हणाले. दिवस मलाही मोजता येतात. ही गेली त्याच संध्याकाळी गाडी पुलावरून उचलून तिकडे नेली होती. त्यानंतर मी ती पाहिलेली नाही.

ही वही मुलीने दिली. लिहिल्याने मन हलके होते असे तिला कुणीतरी सांगितले. मला सवय आहे ती ऑफिसच्या नोंदवहीची. काय आले, काय तपासले, किती फरक निघाला. तसेच लिहीन.

८ मार्च, शनिवार

गॅरेजला गेलो. मालकाला सगळे मास्तर म्हणतात. गाडीचा बिघाड सांगताना तो खडूने जमिनीवर चित्र काढतो, म्हणून. हिला त्याचे फार कौतुक होते. गाडी सर्व्हिसिंगला तीच न्यायची, आणि घरी आली की मला गिअरबॉक्स समजावून सांगायची. मी पेपर वाचत असे.

मास्तरने आजही खडू काढला.

"हा रेडिएटर. हा पुढचा पंखा. गाडी पळत असली की वारा आपोआप लागतो, पंखा नसला तरी भागतं. गर्दीत उभी राहिली की सगळी मदार पंख्यावर. हा पंखा कधी फिरायचा, कधी नाही. त्या दिवशी फिरला नाही. गिअरबॉक्सचं तेलही इथेच गार होतं. तो तापला आणि त्याने गाडी ओढायचं बंद केलं. स्वतःला वाचवतो तो."

मी म्हणालो, "डिसेंबरअखेर सर्व्हिसिंग केलं तुम्ही. महिनाही झाला नव्हता."

"तेव्हाच सांगितलं होतं साहेब, पंखा बदला म्हणून."

"मला नाही सांगितलं."

"ताईंना सांगितलं. तुम्ही येत कुठे होता?"

हे तो सहज बोलला की टोमणा मारला, मला कळले नाही. गाडीची पुढची डावी सीट अजून मागे पाडलेली होती. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी हिला बाहेर घेताना पाडली असेल. मी ती सरळ केली. त्यासाठी खाली कुठला खटका ओढायचा, ते मास्तरने मला दाखवले.

९ मार्च, रविवार

मेहुण्याचा फोन. तो विम्याचे काम करतो. बहीण गेल्यापासून दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी रडतो. आज रडला नाही.

"दाजी, सोडू नका त्याला. ते गॅरेज विमा कंपनीच्या यादीवर आहे. यादीवरून काढलं की त्याची निम्मी कामं बंद. एक तक्रार ठोका, बाकीचं मी बघतो."

"तक्रारीत काय लिहू?"

"जे झालं ते लिहा. गाडी पुलावर बंद पडली. चाळीस मिनिटांनी ॲम्ब्युलन्स आली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर. एवढं पुरे आहे. खोटं काहीच लिहायचं नाही."

खोटे लिहायचा प्रश्नच नव्हता. एकतीस वर्षे मी मापे तपासतो आहे.

११ मार्च, मंगळवार

रजा घेतली. तक्रार लिहिली, साडेतीन पाने झाली. गाडीचा इतिहास जोडावा असे मेहुणा म्हणाला, म्हणून जुनी बिले लावून बसलो.

गाडी सहा वर्षांची. हिला लहान गाडी पुरत होती. उंच गाडी मला हवी होती. गुडघ्यांचे कारण मी सांगितले होते, पण ऑफिसमध्ये तिघांनी तेव्हा तसल्या घेतल्या होत्या हेही खरे. चार वर्षे तेल आणि फिल्टर यापलीकडे काही नाही. वॉरंटी संपली आणि सुरू झाले. पुढच्या सस्पेन्शनचे रबर. एसीचा कॉम्प्रेसर. बॅटरी, दोनदा. स्टिअरिंगमधून खडखड, ती अजून आहे. गिअरबॉक्सचे तेल कंपनीच्या पुस्तकात बदलायचे नाही म्हणून लिहिलेले, आणि मास्तर म्हणतो बदला. लहान गाडीला चार टायर ज्या किमतीत यायचे त्यात या गाडीला दोन. ही म्हणायची, "तुमच्या पेन्शनवर आधी ही गाडी जगणार, मग उरलं तर आपण."

डॅशबोर्डवरचा बिघाडाचा पिवळा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने नुसता तो घालवण्याचे पैसे घेतले. माणसाने दोन मिनिटे यंत्र लावले आणि पावती फाडली. मी तसले यंत्र मागवले. काडेपेटीएवढे असते. स्टिअरिंगखाली खोचायचे, फोनला जोडायचे, फोनमधल्या ॲपवर बटण दाबले की दिवा जातो. आमच्या कामातली पद्धत तीच आहे. काटा चुकीचे दाखवू लागला तर लगेच उघडायचा नाही. आधी शून्यावर आणायचा आणि परत सरकतो का पाहायचे. परत सरकला तर उघडायचा.

तक्रारीत वेळा लिहिल्या. ४.५० ला छातीत जड वाटू लागले. ४.५५ ला निघालो. ५.१२ ला गाडी पुलावर बंद.

१५ मार्च, शनिवार

गाडीची कागदपत्रे शोधताना शिवणयंत्राच्या खणात डिसेंबरच्या सर्व्हिसिंगचे कार्ड सापडले. ग्राहकाची प्रत. खाली मास्तरचे अक्षर : पुढचा पंखा बदलावा, थांबू नये. मागच्या बाजूला हिचे अक्षर : यांना विचारायचे. त्याखाली तीन तारखा, जानेवारीच्या. २, ९, १७. प्रत्येकीपुढे बरोबरची खूण. बाजाराच्या यादीतली वस्तू आणली की करायची तशी.

२ तारखेचे मला काही आठवत नाही.

९ ला मी जेवत होतो. दिवा गेला ना, मग कशाला त्याचे घर भरायचे, असे मी म्हणालो असेन.

१७ ला मी म्हणालो होतो, "तुझं मास्तरपुराण पुरे." त्यावर ती हसली होती. मनाला लावून घेतले असते तर हसली नसती.

कार्डावर ग्राहकाची सही नाही, त्यामुळे कागद म्हणून त्याला किंमत नाही. तक्रारीला जोडायची गरज दिसत नाही. परत खणात ठेवले.

१६ मार्च, रविवार

दिवसभर घरी. मेहुण्याचा फोन घेतला नाही.

२० मार्च, गुरुवार

तक्रार सोमवारी पाठवली होती, तिच्यावर विमा कंपनीचे पत्र आले. मंगळवारी त्यांचा सर्व्हेअर गॅरेजमध्ये येणार, दोघांनीही हजर राहावे. मुलगी म्हणाली, मीही येते. नको म्हटले तरी ऐकत नाही.

संध्याकाळी मास्तर घरी आला. तो पहिल्यांदाच घरी येत होता, पण घर विचारावे लागले नाही. ताई सांगायच्या म्हणाला, निळं फाटक, शेजारी पिठाची गिरणी. चपला अगदी बाहेर काढल्या. हात धुऊन आला होता तरी नखांत काळे होतेच.

"साहेब, तक्रार केलीत त्याचं वाईट वाटत नाही. माझी आई गेली तेव्हा मी डॉक्टरची कॉलर धरली होती. माणूस कुठेतरी धरतोच."

मी खुर्ची पुढे केली.

"पण एक चूक झाली माझ्याकडून. काम नको असेल तर कार्डावर गिऱ्हाइकाची सही घ्यायची, हा विमा कंपनीचा नियम. ताई घाईत होत्या. विचारून कळवते म्हणाल्या. मी सही घेतली नाही. आता ती कंपनीची माणसं म्हणणार, माझ्या प्रतीवरची ओळ मी मागून घुसडली. तुमच्याकडे ताईंची प्रत असेल. त्यावरही तीच ओळ आहे. तेवढी दाखवलीत तर मी सुटतो."

"प्रत मिळाली नाही."

"नीट बघा साहेब. ताई कागद टाकणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्या सर्व्हिसिंगपासूनची बिलं एका पिशवीत घेऊन यायच्या. मी चेष्टा करायचो, गाडीची पत्रिका आणलीत का म्हणून."

"बघितलं सगळीकडे."

त्याला पाणी दिले ते प्यायला. जाताना म्हणाला, "शेडचं भाडं कंपनीच्या कामावर निघतं, साहेब. सांगून ठेवतो, बाकी काही नाही."

हे मला सांगण्याचे कारण नव्हते. वजनात मारणारा दुकानदारही मला मुलांच्या फीचे सांगतो. ऐकत बसलो तर एकही काटा नापास करता येणार नाही.

मिळाली नाही, हे मी म्हणालो ते अगदी खोटे नाही. मला ती कुणी दिली नव्हती, मला सापडली.

२५ मार्च, मंगळवार

सगळे क्रमाने लिहितो.

अकरा वाजता गॅरेज. मुलगी सकाळच्या बसने येऊन परस्पर तिथे पोहोचली होती. सर्व्हेअर तरुण, घाईतला, चष्म्यावर धूळ. मास्तरने शेड झाडून घेतली होती आणि आमच्यासाठी दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

सर्व्हेअरने गॅरेजची प्रत पाहिली. "ग्राहकाची सही कुठे आहे?"

मास्तर म्हणाला, "नाही घेतली."

"ग्राहकाची प्रत?" हे मला.

"नाही."

त्याने लिहून घेतले. मग आपले मोठे यंत्र गाडीला लावले आणि वाचू लागला. पंख्याचा दोष, गिअरबॉक्स तापल्याची नोंद, सगळे मास्तर म्हणाला तसेच. मग तो थांबला.

"ही गाडी त्या दिवसानंतर चाललीच नाही ना?"

"नाही," मास्तर म्हणाला. "क्रेनने आणली. जिथे ठेवली तिथेच आहे."

"मग हे बघा. दिवा शेवटचा घालवल्यापासून चाललेलं अंतर गाडी स्वतः मोजते. सहा किलोमीटर." माझ्याकडे वळला. "घरापासून पुलापर्यंत किती आहे?"

मी म्हणालो, "सहा."

"म्हणजे निघताना कुणीतरी यंत्र लावून दिवा घालवलाय. चालवत कोण होतं?"

"मी."

"मग दिवा कुणी घालवला?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. सकाळपासून तिने काही खाल्ले नसावे, ओठ सुकले होते.

मी म्हणालो, "मी घराला कुलूप लावत होतो. ती आधीच गाडीत जाऊन बसली होती. यंत्र तिच्याच बाजूच्या कप्प्यात असायचं."

मुलगी म्हणाली, "आईने?"

"तिला दिवा लागलेला आवडायचा नाही."

मास्तर उभा होता. तो म्हणाला, "साहेब, ताई तर मला म्हणायच्या की—" आणि मुलीकडे बघून गप्प झाला. सर्व्हेअरने विचारले, काय म्हणायच्या? मास्तर म्हणाला, "काही नाही. तुम्ही लिहा, हे सांगतात तसं." बोलण्यासारखे त्याच्यापाशी काही उरले नव्हते.

सर्व्हेअरने आवरताना सांगितले की दिवा घरच्यांनी घालवला असला तरी गॅरेजचा दोष कमी होत नाही. दोष माहीत असताना सही न घेता गाडी सोडली, नियम मोडला तो तिथेच.

प्रत्यक्षात झाले ते असे. मी कुलूप लावून आलो तेव्हा ती बसलेली होती आणि दिवा लागलेला होता. ती म्हणाली, "राहू दे तो, चला." मी म्हणालो, दोन मिनिटं. दिवा लागलेली गाडी घेऊन मी कधी निघालो नाही, त्या दिवशी तर निघणारच नव्हतो. यंत्र फोनला जोडले जाईना. फोन बंद करून परत सुरू केला. दोन मिनिटांऐवजी सहा-सात लागली. तिने डोके मागे टेकले होते. एकदा म्हणाली, "झालं का?" मी म्हणालो, "झालंच." दिवा गेला, तसा मी तिला दाखवलाही.

तक्रारीतल्या वेळांत ही मिनिटे धरलेली नाहीत. निघालो ते ५.०२ ला. पण गर्दी तशीही लागलीच असती, आणि पंखा तसाही बंदच होता. सहा-सात मिनिटांनी काय फरक पडला असता हे कुणालाही मोजता येणार नाही.

२६ मार्च, बुधवार

मुलगी रविवारपर्यंत राहणार होती. आज दुपारीच गेली.

सकाळी तिने आईचा फोन मागितला. दोन महिने बंद होता, तो चार्जिंगला लावला आणि समोर बसून राहिली. मग बराच वेळ त्यात काहीतरी बघत होती. मी म्हणालो, "फोटो बघतेस का?"

"नाही."

थोड्या वेळाने तिने विचारले, "बाबा, ते दिव्याचं यंत्र कुठल्या फोनला जोडतात?"

"कुठल्याही. आत ॲप असावं लागतं."

"आणि ते तुमच्या फोनमध्ये आहे?"

"माझ्यात आहे."

तिने मान हलवली. चहा केला, मला दिला, स्वतः घेतला नाही. मग बॅग भरू लागली. मी म्हणालो, रविवारी जाणार होतीस ना. म्हणाली, "काम निघालं." आईचा फोन, चार्जर आणि चष्मा तिने बॅगेत टाकला. फोन कशाला हवा असे विचारले तर म्हणाली, "तुम्हाला काय करायचाय?"

बसपर्यंत सोडायला येतो म्हणालो, नको म्हणाली. फाटकापाशी थांबली. नेहमी वाकून नमस्कार करते, आज विसरली. तिने विचारले, "आई काही बोलली होती का गाडीत?"

मी म्हणालो, "नाही. शांत होती."

आईच्या वस्तू पाहून तिला भरून आले असणार. दोन-तीन दिवसांनी फोन करीन.

२९ मार्च, शनिवार

मुलीला फोन केला. उचलला नाही. मेसेज आला : कामात आहे.

४ एप्रिल, शुक्रवार

विमा कंपनीचा निकाल. गॅरेज दोषी. यादीवरून नाव काढले. मेहुण्याने फोनवर पत्र दोनदा वाचून घेतले आणि म्हणाला, "दाजी, ताईच्या आत्म्याला आज बरं वाटलं असेल." मग रडला. रडताना म्हणाला, "पण दाजी, ते दिव्याचं ताईने केलं हे मला पटत नाही. तिला टीव्हीचा रिमोट धड कळत नव्हता."

मी म्हणालो, "शिकली होती."

"तुम्ही शिकवलं?"

"हो."

"शिकवायला नको होतं," तो म्हणाला.

निकालाचा फोटो मुलीला पाठवला. तिने पाहिला. उत्तर नाही.

आज समाधान वाटायला हवे होते. ऑफिसमध्ये सगळ्यांनी हात मिळवले. साहेब म्हणाले, असा पाठपुरावा करणारे नवरे राहिलेत कुठे. दुपारनंतर एक काटा तीनदा तपासला आणि तिन्ही वेळा वजन वेगळे आले. काटा बरोबर होता.

७ एप्रिल, सोमवार

गाडी दुसऱ्या गॅरेजला हलवायची म्हणून मास्तरकडे गेलो. त्याने शेडच्या दोन भागांपैकी एक सोडला आहे. तिथे कुणी प्लायवूड रचत होते. तो एका स्कूटरखाली आडवा पडला होता. म्हणाला, "आता दुचाक्याही घेतो." किल्ली दिली. गाडी इतके दिवस ठेवल्याचे भाडे काही घेतले नाही. मी विचारले तर म्हणाला, "ताईंची गाडी होती."

मला वाटले, आता विचारावे. "त्या दिवशी सर्व्हेअरसमोर काय सांगणार होता?"

त्याने हात पुसले.

"ताई म्हणायच्या, आमच्याकडे दिवा लागला की यांना घालवल्याशिवाय चैन पडत नाही. हसून सांगायच्या." मग म्हणाला, "तुमची मुलगी समोर होती. तिची आई गेली आहे. बापही मी न्यायचा का?"

मी म्हणालो, "क्रेन अकराला येईल."

"येऊ दे," तो म्हणाला आणि परत स्कूटरखाली गेला.

त्याला जर हे माहीत होते तर त्याने तेव्हाच बोलायला हवे होते. आता त्याला मी काय करणार? निकाल लागलेला आहे. खूप विचार केला. चूक त्याने न बोलण्यात केली, मी त्याचे तोंड धरले नव्हते.

१३ एप्रिल, रविवार

काल गाडी घरी आणली. पंखा नवा. बसवायला पाऊण तास लागला असे नवीन गॅरेजवाला म्हणाला. बिल एका टायरपेक्षा कमी. त्याने आणखी तीन कामे सांगितली आहेत. स्टिअरिंगची खडखड, मागचे ब्रेक, गिअरबॉक्सचे तेल. तिन्ही कार्डावर लिहून माझी सही घेतली.

पुलावर गर्दी होती. वीस मिनिटे एका जागी उभा होतो. पंख्याचा आवाज येत होता. तापमानाचा काटा मध्यावर होता, हलला नाही.

आज मुलीला तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी तिने उचलला. म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला काही विचारणार नाहीये. कधीच विचारणार नाही. तुम्हीही सांगू नका." मी म्हणालो, बरं. मग जेवलीस का विचारले. जेवले म्हणाली आणि ठेवला.

दुपारी कपडे धुतले. गच्चीत नेऊन वाळत घातले. चार शर्ट, दोन पँट, एक चादर, टॉवेल. वारा बराच होता, म्हणून प्रत्येकाला दोन-दोन चिमटे लावले. तरी टोपलीत चिमटे उरले.